भुईकाट्याचं वजन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उड्या मारतंय, सिरियल पोर्टवर कचरा येतोय

कापूसकाटा_मानवत
रामराम मंडळी. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात ६० टनी भुईकाटा आहे. काट्याच्या केबिनमधल्या इंडिकेटरच्या (वजन दाखवणाऱ्या यंत्राच्या) मागून आरएस-२३२ ची (जुन्या पद्धतीच्या सिरियल पोर्टची) केबल निघते, ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जाते. केबल ६५ मीटर, ०.५ चौरस मिमी, ४ कोअर, शील्डेड. शील्ड (तारांवरचं धातूचं आवरण) दोन्ही टोकांना जोडलेलं आहे. मधी अंदाजे ३० मीटर ती सक्शन फॅनच्या मोटर केबलसोबत एकाच चरातून जाते. त्या मोटरला व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे. कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नाही, यूएसबी कन्व्हर्टर लावलाय. सेटिंग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. इंडिकेटर न थांबता सारखं वजन सोडत राहतो.

होतं असं:
सकाळी मशिनी बंद असताना सगळं ठीक. फॅन चालू झाला की ओळीच्या मधेच वर दोन टिंबं असलेला वाय, प्रश्नचिन्हं, चौकटी यायलेत. वजन तुटून येतं, कधी १२३४० चं ९२३४० दिसतं.
ऑफिसचा एसी किंवा पाण्याची मोटर सुरू होते त्या क्षणी दोन-तीन सेकंद काहीच कळण्यासारखं येत नाही. पुढं एसी चालू असेपर्यंत अधूनमधून खराब ओळी.
कधी यूएसबी कन्व्हर्टर गायब होतो, काढून परत लावावा लागतो.
कॉम्प्युटर सुरू करताना माउसचा बाण आपोआप पळतो, खिडक्या उघडतो. हे पण त्याच नॉइजचं का?

दोन जण म्हणाले चांगली शील्डेड केबल टाका. ६५ मीटर परत खोदायचं म्हणजे उगं खर्च. आधी काय तपासावं?

पॅनेलवाला_जालना
पहिला प्रश्न: इंडिकेटरच्या स्वतःच्या डिस्प्लेवर वजन स्थिर असतं का? कॉम्प्युटरवर उडतंय त्याच वेळी केबिनमधी माणूस उभा करून बघा. डिस्प्लेवरच आकडा नाचत असेल तर रोग लोडसेलच्या (काट्याखालच्या वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) बाजूला आहे: जंक्शन बॉक्समधी ओल, उंदरानं कुरतडलेली वायर, प्लॅटफॉर्मच्या फटीत अडकलेला खडा. मग सिरियल केबलला कितीही हात लावा, फरक पडणार नाही. आणि त्या बाजूला वैधमापनवाल्यांचं सील असतं, ते तोडून स्वतः उघडू नका. तिथं परवानाधारक दुरुस्तीवालाच लागतो.

कापूसकाटा_मानवत
डिस्प्ले एकदम स्थिर. रिकाम्या काट्यावर शून्य आणि गाडी उभी असताना पण हलत नाही.

सिरियल_मामा
मग रोग केबलीत किंवा अर्थिंगात. भाऊ, तुमच्या वर्णनात दोन वेगळे रोग एकत्र दिसायलेत, म्हणून एक उपाय करून गुण येणार नाही. केबल विकत घ्यायच्या आधी मोजमाप करा.

आधी कचऱ्याची जात ओळखा. रियलटर्म किंवा तसला, आलेल्या प्रत्येक अक्षराचा कोड हेक्समधी (सोळाच्या पद्धतीत) दाखवणारा प्रोग्रॅम लावा. आरएस-२३२ मधी रिकामी लाइन निगेटिव्ह व्होल्टेजवर असते, साधारण उणे ५ ते उणे १२. कॅरेक्टरचा स्टार्ट बिट आला की ती पॉझिटिव्हला जाते. रिकाम्या लाइनवर एखादा पॉझिटिव्ह काटा (व्होल्टेजचा क्षणभराचा झटका) आला तर कॉम्प्युटर त्याला स्टार्ट बिट समजतो आणि पुढचे आठही बिट १ वाचतो. म्हणजे हेक्स एफएफ. तोच तुमचा दोन टिंबांचा वाय. सुटे सुटे एफएफ दिसले की समजा छोटे, तीक्ष्ण काटे यायलेत. संशय व्हीएफडीवर, कॉन्टॅक्टरवर (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर). ओळच्या ओळ बिघडत असेल तर ते काट्यांचं काम नाही, तिथं दोन्ही टोकांच्या ग्राउंडमधी (शून्य व्होल्ट धरलेल्या तारेमधी) ५० हर्ट्झचा फरक असतो. आणि कचरा कायम तोच, मशिनी बंद असल्या तरी तोच, तर तो नॉइज नव्हेच. बॉड किंवा पॅरिटी जुळत नाही.

दुसरी सोपी परीक्षा: इंडिकेटर आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं ९६०० चं १२०० करा. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. यूआर्ट (पोर्टवरचे बिट वाचणारी) चिप स्टार्ट बिटच्या मध्यावर परत एकदा बघते, त्यामुळं साधारण ५२ मायक्रोसेकंदांपेक्षा लहान काटा ती सोडून देते. १२०० ला ही मर्यादा ४१७ मायक्रोसेकंदांवर जाते. काटे असतील तर १२०० ला कचरा एकदम उतरतो. ५० हर्ट्झचं अर्धं आवर्तन मात्र १० मिलिसेकंदांचं, त्यापुढं १२०० पण चिमुकलंच. बॉड उतरवूनही फरक नाही पडला तर ग्राउंडकडं बघा. आणि १२०० हळू आहे म्हणून घाबरू नका. १६ अक्षरांची ओळ १३३ मिलिसेकंदांत जाते, सेकंदाला सात वजनं. गाडीच्या काट्याला याहून जास्त काय करायचंय?

आता ग्राउंड मोजा.
ऑफिसकडचा कनेक्टर काढा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, आधी मोठ्या रेंजवर. एक प्रोब केबलच्या ५ नंबर पिनला (केबिनकडून येणारं ग्राउंड), दुसरा सीपीयूच्या पत्र्याच्या डब्याला, रंग नसलेल्या जागी. ऑफिसचा एसी बंद असताना, चालू असताना आणि चालू होण्याच्या क्षणी किती येतं ते लिहा. मीटरला मिन-मॅक्स असेल तर तो लावा, नाहीतर सुरुवातीचा झटका निसटतो.
आकडा ५० च्या वर आला तर थांबा, सॉकेटला अर्थिंगच नाही असं समजा. एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधल्या कपॅसिटरमुळं अर्थ नसलेला डबा साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो, हात लावला की झिणझिण्या येतात. असा कॉम्प्युटर चालू ठेवून केबल लावली-काढली तर पोर्ट जायला एक क्षण पुरतो.
५० च्या आत असेल तर दोन्ही प्रोबमधी १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर धरून परत मोजा. आकडा कोसळला तर ती नुसती गळती. तसाच राहिला तर खरा फरक.

सोबत दोन्हीकडच्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही मोजा. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट असणं नॉर्मल. एसी चालू असतानाही तिथं चोख शून्य आलं तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटमागं न्यूट्रलवरून अर्थला जंपर मारलेला असतो. आपल्याकडं हा जुगाड मोकार चालतो, कारण त्यानं टेस्टरवाल्याला ‘अर्थिंग आहे’ असं दिसतं.

मीटर नसेल तर लॅपटॉप न्या. चार्जर काढा, लॅन आणि प्रिंटरची केबल पण काढा, फक्त काट्याची केबल लावा. बॅटरीवर कचरा गेला आणि चार्जर लावताच आला तर ग्राउंडचाच दोष.

केबलच्या लांबीबद्दल: १५ मीटरची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. ती जुनी आहे. पुढं मानकात लांबीऐवजी २५०० पिकोफॅरड एवढी कपॅसिटन्सची (तारा चार्ज साठवतात त्याची) मर्यादा आली, ती पण २० किलोबिटच्या वेगासाठी. साध्या शील्डेड मल्टिकोअरला मीटरमागं १०० ते १५० पिकोफॅरड सहज, म्हणजे तुमची केबल साडेसहा ते दहा हजारांच्या घरात. कागदावर नापास. पण सिग्नल ढकलणारी चिप (ड्रायव्हर) साधारण १० मिलिअँप देते असं धरलं तर १२ व्होल्टची उडी दहा-बारा मायक्रोसेकंदांत पार पडते आणि तुमचा बिट आहे १०४ चा. म्हणून लांबी हा इथला खरा रोग नाही. १,१५,२०० बॉड असता तर असता.

लातूरी_फर्मवेअर
माउसचं उत्तर मी देतो, त्याचा नॉइजशी काही संबंध नाही. इंडिकेटर न थांबता डेटा सोडतो. विंडोज सुरू होताना पोर्टवर कोण आहे ते चाचपतं आणि त्या क्षणी आलेला डेटा बघून त्याला सिरियल माउस समजून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमधी माउसच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ दिसेल. त्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा. अनइन्स्टॉल करू नका, पुढच्या वेळी परत येतो. कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा असेल तर पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधी ‘सिरियल एन्युमरेटर’ची खूण काढली की प्रश्न मुळातूनच मिटतो. इंडिकेटरमधी ‘मागितल्यावर पाठव’ असा मोड असेल तर त्याहून उत्तम.

दुसरं, १२३४० चं ९२३४० होणं. हे गंमत म्हणून सोडू नका, पावती चुकते. आस्कीमधी (अक्षरांच्या ठरलेल्या कोडमधी) १ म्हणजे हेक्स ३१ आणि ९ म्हणजे हेक्स ३९. फरक फक्त एका बिटाचा. ० आणि ८ चं पण तसंच, ३० आणि ३८. पॅरिटी नसल्यामुळं असा एका बिटाचा घात पकडलाच जात नाही. इंडिकेटरच्या मेनूत ७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप असेल तर ते ठेवा. बिटांची संख्या तेवढीच राहते, वेग कमी होत नाही आणि एक बिट फिरला की लगेच कळतं. दोन बिट फिरले तर पॅरिटीला पण कळत नाही, म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला एवढं सांगा:
ओळीची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या खुणेनंच व्हावा, लांबी एक अक्षर जरी कमी-जास्त असली तरी ओळ फेकावी.
पॅरिटी किंवा फ्रेमिंग एरर (स्टॉप बिट जागेवर नाही) आली तर पूर्ण ओळ फेकावी. बरेच प्रोग्रॅम खराब अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून बाकीचे अंक वापरतात, तुमची प्रश्नचिन्हं तिथूनच यायलेत असं वाटतं.
लागोपाठ तीन ओळी अगदी सारख्या आणि इंडिकेटरची ‘स्थिर’ खूण असलेल्या मिळाल्या तरच वजन घ्यावं.

यानं नॉइज जात नाही. पण चुकीची पावती निघत नाही.

कापूसकाटा_मानवत
मोजलं. केबलची ५ नंबर पिन ते सीपीयूचा डबा: एसी बंद ०.४ व्होल्ट, एसी आणि पाण्याची मोटर चालू ३.४, एसी उचलताना मिन-मॅक्सवर १५.२. १ किलोओहम लावून पण तेवढंच.
ऑफिसच्या सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ ०.०, एसी चालू असताना पण ०.०. केबिनमधी १.१.
१२०० बॉडला फॅनचा कचरा जवळजवळ गेला. एसीचा मात्र तसाच.
शील्डवर क्लॅम्प मीटर लावला तर एसी चालू असताना ०.७ अँप दाखवतोय!

सिरियल_मामा
दोन्ही रोग सापडले की. आणि जंपर पण.

ऑफिसची सिंगल फेज लाइन मेन बोर्डापासून किती लांब आहे? ९० मीटर आणि ४ चौरस मिमी कॉपर धरली तर न्यूट्रलच्या तारेचा रेझिस्टन्स होतो ०.३९ ओहम. ९ अँप वाहिले की ३.५ व्होल्ट, एसी उचलताना ४० अँप गेले की साडेपंधरा. तुमचे आकडे तिथंच बसायलेत. न्यूट्रलवर जितके व्होल्ट उतरतात तितकेच जंपरमधून कॉम्प्युटरच्या डब्यावर चढतात, आणि डबा म्हणजे ५ नंबरची पिन. तिकडं केबिनचं ग्राउंड खऱ्या अर्थिंगला. मधी तुमची सिरियल केबल आणि दोन्हीकडं बांधलेलं शील्ड. एसीच्या न्यूट्रलचा थोडा करंट चक्क सिरियल केबलीतून घरी चाललाय, तो ०.७ अँप तोच.

शील्ड ‘चांगलं’ असतं तर करंट आणखी वाढला असता. म्हणून नवी केबल टाकून काही झालं नसतं.

तो जंपर आजच काढायला लावा, लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, मेन बंद करून. कारण नॉइज हे त्याचं सगळ्यात लहान पाप आहे. ऑफिसच्या लाइनचा न्यूट्रल कुठं सुटला तर कॉम्प्युटर, प्रिंटर, कूलर, ज्याच्या अंगाला ही अर्थ जोडलीय त्या सगळ्या पत्र्यांवर २३० व्होल्ट उभे राहतील. जंपर नुसता काढून सोडू नका, तसा सोडला तर डबा तरंगेल. मेन पॅनेलच्या अर्थ पट्टीपासून ऑफिसपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढा, फेज-न्यूट्रलच्याच पाइपातून. एकाच पट्टीवरून केबिन आणि ऑफिस दोन्हींना अर्थ मिळाली की ग्राउंडमधला फरक बराचसा आपोआप मिटतो.

पॅनेलवाला_जालना
अर्थ पिटबद्दल भर. काळ्या जमिनीत ओल असेपर्यंत अर्थिंग झकास मिळतं. मार्चनंतर माती भेगाळते आणि रॉडपासून सुटते, मग तोच पिट कामाचा राहत नाही. ‘दिवाळीत ठीक होतं, उन्हाळ्यात पोर्ट जायला लागले’ अशी तक्रार आली की आधी पिटाकडं जावं. पिटात बेंटोनाइट भरलं तर ते ओल धरून ठेवतं आणि रॉडला चिकटून राहतं. मीठ-कोळशाचा जुना पिट असेल तर उन्हाळ्यात त्याला नियमानं पाणी पाहिजे. क्लॅम्पचा नट दरवर्षी उघडून घासा, गंज तिथंच बसतो.

आता फॅनचं. व्हीएफडीतून मोटरकडं तीक्ष्ण पल्स जातात. मोटर केबल आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्समधून त्यांचा काही भाग अर्थमधी उतरतो आणि ड्राइव्हकडं परत यायला मिळेल ती वाट धरतो. तुमचं दोन्हीकडं बांधलेलं शील्ड ही त्याला आयती वाट. काय करायचं:
मोटर केबल ४ कोअर आर्मर्ड असावी, चौथा कोअर आणि आर्मर थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर यावेत. मोटरची अर्थ दूरच्या पट्टीवरून फिरवून आणली असेल तर नॉइज आवारभर फिरतो.
ड्राइव्हची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (पल्स सोडायचा वेग) ८ किलोहर्ट्झ असेल तर ४ किंवा २ करून बघा. मोटर थोडी जास्त गुणगुणेल, पण अर्थमधली गळती उतरेल. यासाठी खर्च शून्य.
सिरियल केबल त्या चरातून बाहेर काढा. ३० सेंटिमीटर तरी अंतर, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात. तुमच्या खोदकामात खरा फायदा असेल तर एवढ्याच ३० मीटरमधी.

कॉन्टॅक्टर उघडताना पण झटका येत असेल तर कॉइलवर स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावा. २३० व्होल्ट कॉइलला १०० ओहम अर्धा वॉट आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एक्स-२ कपॅसिटर, दोन्ही सिरीजमधी, कॉइलच्या ए-१ आणि ए-२ वर. जिनिंगच्या स्टार्टरमधी कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते. तिथं २७५ वाला कपॅसिटर फुटेल, त्या कॉन्टॅक्टरसाठी कंपनीचा तयार सप्रेसर घ्या.

गोदाकाठ_नांदेड
एवढं सगळं करून पण दोन इमारतींच्या मधी आरएस-२३२ ठेवणं मला पटत नाही. आयसोलेटेड (दोन बाजूंमधी विजेचा थेट संबंध नसलेले) आरएस-४८५ चे (लांब पल्ल्याच्या सिरियल जोडणीचे) दोन कन्व्हर्टर लावा, १२०० मीटरपर्यंतची काळजी मिटली. दोन्ही टोकांना १२० ओहम टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) विसरू नका.

सिरियल_मामा
४८५ ला माझा होकार, पण ‘आयसोलेटेड’ या शब्दावर जोर द्या. साधा ४८५ रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढाच ग्राउंडचा फरक सोसतो. इथं शिखर बघितलं तर १५ व्होल्ट आरएमएस म्हणजे २१ व्होल्ट. बिगर-आयसोलेटेड चिप या जागी मेली असती.

टर्मिनेशन मात्र इथं नको. ६५ मीटर म्हणजे एका बाजूला जायला सिग्नलला साधारण ३३० नॅनोसेकंद, बिट १ लाख ४ हजार नॅनोसेकंदांचा. परावर्तनं बिट वाचायच्या कितीतरी आधी विझून जातात. उलट दोन १२० लावले की लाइनवर ६० ओहमचा बोजा पडतो. रिकाम्या लाइनला धरून ठेवायला ६८० ओहमचे बायस रेझिस्टर असतील तर ५ व्होल्टमधून जेमतेम ०.२१ व्होल्ट उरतात. रिसीव्हरची सीमा ०.२. म्हणजे काठावर, परत एफएफ सुरू. टर्मिनेशन काढा, बायस १ किलोओहमचे चालतील.

घेताना हे बघा: वेगळ्या डीसी ॲडॉप्टरवर चालणारे घ्या. पोर्टमधून वीज ओढणारे छोटे कन्व्हर्टर डीटीआर आणि आरटीएस पिनांवर जगतात. इंडिकेटरच्या कनेक्टरला बऱ्याचदा फक्त २, ३, ५ पिना जोडलेल्या असतात, तिथं त्यांना खायलाच मिळत नाही. दिशा बदलणं आपोआप होणारं असावं. ए आणि बी ची नावं प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं लावते, डेटा उलटासुलटा आला तर दोन तारा अदलाबदल करून बघा, त्यानं काही जळत नाही. ए-बी एकाच पिळाच्या जोडीत, आणि दोन्ही कन्व्हर्टरची आयसोलेटेड बाजूची ग्राउंड तिसऱ्या तारेनं जोडा. ‘४८५ ला दोनच तारा लागतात’ हे अर्धसत्य आहे.

आणि जुनी केबल पिळाची नसेल तर कॅट-६ वापरताना एक चूक टाळा: आरएस-२३२ साठी टीएक्स (पाठवणारी तार) आणि आरएक्स (घेणारी तार) एकाच जोडीत घालू नका. प्रत्येकाची जोडी ग्राउंडसोबत. बिनकामाच्या तारा तरंगत न ठेवता एकाच टोकाला ग्राउंडला बांधा.

लातूरी_फर्मवेअर
केबिनमधी जागा असेल तर माझं मत आणखी वेगळं. सिरियल केबल दीड मीटरचीच ठेवा, केबिनमधेच सिरियल-टू-इथरनेट सर्व्हर लावा आणि ऑफिसपर्यंत लॅन न्या. इथरनेटच्या पोर्टमधी ट्रान्सफॉर्मर असतोच, १५०० व्होल्टचं आयसोलेशन फुकट मिळतं, १०० मीटर अंतर चालतं, आणि डेटा खराब आला तर पाकीटच फेकलं जातं, ९२३४० होत नाही. फक्त लॅन केबल बिगर-शील्डेड घ्या. शील्डेड घेऊन दोन्हीकडं धातूचे कनेक्टर लावले की गेलं परत तेच चक्र सुरू. यूएसबी कन्व्हर्टर पण सुटतो.

गोदाकाठ_नांदेड
हे पटलं. पण वजनाचं सॉफ्टवेअर कॉम पोर्टच मागतं ना?

लातूरी_फर्मवेअर
सर्व्हरसोबत व्हर्च्युअल कॉम पोर्टचा ड्रायव्हर येतो. जुन्या सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. यूएसबीच ठेवायचा असेल तर: पॉवर ऑप्शनमधी यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, कन्व्हर्टर सीपीयूच्या मागच्या पोर्टात थेट लावा, एक्स्टेन्शन नको, केबलवर क्लिपचा फेराइट (नॉइज अडवणारं कडं) दोन वेढे घेऊन बसवा. आणि काही स्वस्त कन्व्हर्टरच्या टीएक्सवर निगेटिव्ह व्होल्टेज निघतच नाही, ० ते ५ मधेच खेळतात. कन्व्हर्टर काहीही पाठवत नसताना ३ नंबर ते ५ नंबर पिन डीसीवर मोजा. उणे ५ किंवा त्याहून खाली हवं. शून्याच्या आसपास असेल तर इंडिकेटरला कमांड पाठवताना तो दगा देणार.

पॅनेलवाला_जालना
वीज कोसळण्याचं कुणी बोललं नाही. एप्रिल-मे मधी वळीव आणि ऑक्टोबरात परतीचा पाऊस, या दोन वेळा आपल्याकडं पोर्ट जास्त जातात. वीज तारेवरच पडावी लागत नाही. आवारात कुठंही उतरली तरी दोन अर्थ पिटांमधी क्षणभर हजारो व्होल्टचा फरक होतो, आणि त्या दोन पिटांना जोडणारी सगळ्यात बारीक तार तुमची सिरियल केबल असते. आरएस-२३२ वर १५ व्होल्टचे दोन्ही दिशांचे टीव्हीएस (झटका गिळणारे) डायोड, ४८५ वर त्याच कामाचा एसएम७१२, आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला ९० व्होल्टच्या गॅस ट्यूब. दोन्हींच्या मधी १० ओहमचे रेझिस्टर ठेवा, नाहीतर ट्यूब पेटायच्या आधीच डायोड सगळा मार खातो. सर्ज अर्थची तार १५-२० सेंटिमीटरच्या वर नको. आणि ढग गडगडायच्या आधी कनेक्टर काढून ठेवणं याला तोड नाही. गडगडायला लागल्यावर हात लावू नका.

खरी भीती नको असेल तर फायबर. दोन मीडिया कन्व्हर्टर (लॅन ते फायबर) आणि धातू नसलेली फायबर केबल टाकली की दोन इमारतींमधी वीज वाहणारं काही उरतच नाही.

कापूसकाटा_मानवत
झालेलं सांगतो. जंपर निघाला, मेन पॅनेलपासून नवी अर्थ वायर ओढली. पिन ५ ते डबा आता एसी चालू असताना ०.३, उचलताना ०.९. शील्ड केबिनकडं ठेवून ऑफिसकडं सोडलं. इंडिकेटर २४०० बॉड, ७ बिट, इव्हन पॅरिटीवर आणला. कॅरिअर ८ वरून ४ केली. बॉलपॉइंट डिसेबल. एसीचा त्रास पूर्ण गेला. फॅन चालू असताना तासाला दोन-तीन ओळी पॅरिटी एररनं फेकल्या जातात, वजन चुकत नाही. सिरियल-इथरनेट सर्व्हर मागवलाय.

तोवर एक शंका: ऑफिसकडं सोडलेलं शील्ड नुसतं टेप मारून ठेवू की कुठं बांधू? मामा, एकाच टोकाला बांधल्यावर फॅनचे काटे थोडे वाढल्यासारखे वाटतात.

सिरियल_मामा
वाटत नाही, खरंच वाढतात. एकाच टोकाला बांधलेलं शील्ड ५० हर्ट्झला उत्तम, पण व्हीएफडीच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला दुसरं टोक उघडं राहिलं की ते अँटेनासारखं वागतं. सोडलेल्या टोकाला ०.०१ मायक्रोफॅरड, १ किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर लावून तो सीपीयूच्या डब्याला बांधा. ५० हर्ट्झला तो ३ लाख ओहमच्या वर, म्हणजे बंद दार. १ मेगाहर्ट्झला १६ ओहम, म्हणजे उघडं. कपॅसिटरच्या तारा बोटाच्या पेरापेक्षा लांब ठेवू नका, आणि शील्ड ५ नंबरच्या पिनला जोडू नका, कनेक्टरच्या धातूच्या कवचाला जोडा.